इथे की गावाला?

सुरत म्हटले की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली सुरत आठवते. १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्याला पाठ असतात आणि तिथेच आपली सुरत संपते. त्यानंतर, विशेषतः गेल्या पन्नास-साठ वर्षांत, किती मराठी माणसे त्या शहरात जाऊन राहिली, याचे भान गोव्यातच काय, पुण्या-मुंबईतही फारसे नाही. मुंबईकडून गाडीने गेलात तर सचिन, मग भेस्तान, मग उधना आणि नंतर सुरत. सचिन-उधन्याच्या मधल्या या भेस्तानकडे खिडकीतून फारसे कोणी बघत नाही. पण आजूबाजूच्या पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात उभे राहिलात तर कानावर अहिराणी पडते. उधन्याहून जळगावला जाणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातला माणूस इथे आणून सोडला आणि लूम्सच्या कारखान्यांनी व डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांनी त्याला ठेवून घेतला. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील शेजारच्या नवसारी मतदारसंघातून २००९ पासून चार वेळा लोकसभेवर गेले आहेत. तेव्हा इथल्या मराठी माणसाला राजकारणात आवाज नाही असे कोणी म्हणू नये.

कोर्टकचेरीच्या दारात मात्र हा आवाज अडखळतो. त्याचे कारण कायद्याचे अज्ञान हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. अज्ञान तर पणजीतही भरपूर आहे. भेस्तानच्या माणसाची अडचण वेगळी आहे. त्याचे पोट एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्या राज्यात. लग्न ठरते धरणगावला, संसार होतो भेस्तानला आणि भांडण झाले की सुनेला पाठवतात शिरपूरला. त्यामुळे ‘माझा हक्क काय’ हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, ‘दाद मागायची कुठे? इथे की गावाला?’ वर्तमानपत्रांतली कायदेविषयक सदरे या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे देतात आणि पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही असे समजून चालतात.

आधी जमिनीचे बघू, कारण सगळ्यात जास्त रडणे तिथेच असते. आखाजीला लेक माहेरी जाते. झोके, गाणी, पुरणपोळी सगळे होते, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी भाऊ एक कागद पुढे करतो. ‘ताई, नुसती सही पाहिजे, तलाठ्याकडे द्यायची आहे.’ हा कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. ताईने सही केली तर केली. नाही केली तर माहेर तुटते. कायदा इथे अगदी स्वच्छ आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला जन्मापासूनच मुलासारखा हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीचे व्यवहार तेवढे उकरून काढता येत नाहीत. आणि नुसत्या साध्या कागदावरच्या सहीने जमिनीवरचा हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. फेरफार झाला म्हणून मालकी गेली असेही नाही, कारण ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे.

एवढे सांगून सदरलेखक थांबतो. ताईचा प्रश्न पुढेच असतो. दावा लावायचा तर सुरतेच्या कोर्टात लागेल का? नाही लागणार. स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो, हा दिवाणी प्रक्रियेचा जुना नियम. जमीन चोपड्याला तर तारखाही तिकडेच. दर तारखेला दोन दिवसांची मजुरी बुडवून गाडीत बसायचे, आणि ज्या गावात भाऊ सरपंचाबरोबर चहा पितो त्या गावात जाऊन भावाविरुद्ध उभे राहायचे. हक्क आहे, पण त्याला असे रेल्वेचे तिकीट जोडलेले आहे. निदान एक गोष्ट घरबसल्या होते. महाराष्ट्राचा सातबारा आता मोबाइलवर महाभूलेखच्या संकेतस्थळावर बघता येतो. आपले नाव त्यावर आहे की आखाजीनंतर गळाले, हे भेस्तानच्या खोलीत बसून कळते. मला विचाराल तर प्रत्येक सासुरवाशिणीने वर्षातून एकदा, दिवाळीच्या फराळाआधी, हे बघून घ्यावे.

इथे गोंयकाराला आपली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी हा भेद वारशात नाही, आणि आता गोव्याचा स्वतःचा २०१२ चा वारसा कायदा त्या जागी आला आहे. पण त्याहून गमतीची गोष्ट निराळी. २०१९ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलो कुतिन्यो खटल्यात असे ठरवले की गोंयकाराची मालमत्ता मुंबईत असो की आणखी कुठे, तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. म्हणजे आमचा कायदा आमच्याबरोबर गाडीत बसून येतो. (भेस्तानहून दक्षिणेला, वापीला उतरून जायचे ते दमण, पोर्तुगीज संहिता तिथेही गेली होती, हे सुरतेतही अनेकांना ठाऊक नसते.) आपण गोव्यातले लोक समान नागरी कायद्याचा अभिमान पुष्कळ मिरवतो. त्यातले हे सोबत चालणे किती मोठी सोय आहे, ते चोपड्याच्या वाऱ्या करणाऱ्या बाईकडे बघितल्यावर कळते.

मात्र सगळाच कायदा जमिनीला खिळलेला नाही. गेल्या वीसेक वर्षांत त्याने निमूटपणे बरीच पावले माणसाच्या दिशेने टाकली आहेत, आणि या बदलाची मराठीत म्हणावी तशी चर्चा झाली नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा घ्या. बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे तिला अर्ज करता येतो. सासरी छळ झाला सुरतेत आणि ती आली शिरपूरला आईकडे, तर शिरपूरलाच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या छळाच्या फौजदारी तक्रारीलाही हेच लागू केले. घरातून हाकललेल्या बाईने जिथे आसरा घेतला तिथल्या पोलिसांत तक्रार चालते. ‘आमच्या हद्दीत घडले नाही’ असे सांगून तिला परत गाडीत बसवायचा अधिकार कोणाला नाही. पोटगीचा अर्जही ती राहते तिथे. एक नवी गोष्ट मला फार मोलाची वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आई-वडिलांनाही, ते जिथे राहतात तिथेच मुलाकडून पोटगी मागता येते. मुलगा भेस्तानला लूम चालवतो की मालक होऊन बसला आहे, याच्याशी गावात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला कर्तव्य नाही. त्याने आपल्या तालुक्याच्या कोर्टात जावे.

ग्राहकाचेही तसेच. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे जिथे राहता वा काम करता त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार होते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला का असेना! पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि पोलिसांतली पहिली खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. नंदुरबार ते सुरत या टप्प्यात गाडीत मोबाइल गेला, चोरी नेमकी कोणत्या हद्दीत झाली हे तुम्हाला ठाऊक नसले तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवून ती पुढे पाठवणे हे त्यांचे काम. तिची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी, टपालाने कळवायचे आणि तरीही हालचाल झाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. तोंडी सांगितलेली खबर लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवावी लागते, हेही कायद्यातच आहे.

वाचून दाखवावी लागते, ठीक. पण कोणत्या भाषेत? इथे आपण दुसऱ्या गाठीपाशी येतो.

भेस्तानचा मराठी माणूस गुजराती फर्डे बोलतो. लिपीही त्याला परकी वाटत नाही, डोक्यावरची रेघ काढली की अर्धे ओळखू येते. फसगत होते ती याच ओळखीने. कागदावरची गुजराती ही बाजारातली गुजराती नव्हे. आपल्याकडचे साठेखत तिथे बानाखत होते, प्रतिज्ञापत्राचे सोगंदनामुं होते, खरेदीखत म्हणजे वेचाण दस्तावेज. यातल्या बानाखताने किती संसारांची माती केली असेल त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वीस वर्षे मीटरवर ताके विणून साठवलेले पैसे, गावाकडचा बैल विकून आलेले पैसे, बायकोची पोत, असे सगळे एकत्र करून माणूस खोली घेतो. हातात येतो तो स्टँपपेपर, त्यावर ‘बानाखत’, नोटरीचा लाल शिक्का आणि सोबत एक कुलमुखत्यारपत्र. तो म्हणतो, ‘घर झाले.’ घर झालेले नसते. बानाखत म्हणजे पुढे विकीन असा करार; त्याने मालकी येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातच लिहिले आहे. आणि करारपत्र, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लँप खटल्यात पुन्हा बजावले. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या दस्ताने होते, दुसरा रस्ता नाही. सुरतच कशाला, जिथे जिथे कामगारांच्या वस्त्या कागदांच्या आधी उभ्या राहिल्या तिथे ही नोटरीवरची घरे आहेत.

नोटरी या शब्दाचा गोव्यात एक निराळा मान आहे, म्हणून गोंयकार बाहेर गेला की तोही फसतो. आमच्याकडे मृत्युपत्र, वारसाचा दस्त यासाठी ज्या नोटरीकडे जावे लागते तो सरकारी निबंधकच असतो आणि त्याच्या पुस्तकात ती गोष्ट कायमची नोंदली जाते. बाकी देशातला १९५२ च्या कायद्याखालचा नोटरी एवढेच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. सही करणाऱ्याचे घर होते की नव्हते, हे तो बघत नाही.

भाड्याच्या खोलीतही हाच घोळ. अकरा महिन्यांचाच करार का, असे पुष्कळ जण विचारतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला अकरा महिने, एवढेच त्यातले गूढ. १९६० साली मुंबई राज्य फुटले तेव्हा १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा दोन्ही भावांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने पुढे १९९९ चा आपला नवा कायदा केला आणि त्यात एक शहाणपणाचे कलम घातले: घर वापरायला देण्याचा परवाना-करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि त्याने तो केला नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरायचे. जळगावात खोली घेणाऱ्याला हे कवच आहे. तोच माणूस सुरतेला आला की महाराष्ट्राचे ते कलम त्याच्या मागे येत नाही. त्याला देशभर लागू असलेल्या कायद्याचा आधार शोधावा लागतो, आणि तो आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय मालकाने कुलूप लावून बाहेर काढले तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो आणि तिथे घर कोणाचे हा प्रश्नच निघत नाही. सहा महिने मात्र लक्षात ठेवायचे. ‘दिवाळीला गावी जाऊन आलो की बघू’ म्हणणाऱ्याची मुदत टळते.

मग मजुरीचे. ठेकेदार बदलला, जुन्याने दोन पंधरवड्यांचे पैसे ठेवून घेतले. ‘माझ्याकडे काही लेखी नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तक्रारीच्या सुरुवातीला येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याविषयी कामगार संघटनांचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यातले काही मलाही रास्त वाटतात, पण वेतनसंहितेतल्या काही गोष्टी कामगाराने पाठ कराव्यात अशा आहेत. काम सोडले वा काढून टाकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब. दावा करायला तीन वर्षे. ठेकेदाराने हात वर केले तरी कारखान्याचा मूळ मालक सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे, मजुरी दिली हे सिद्ध करायचे ओझे मालकावर. कामगाराने आपण तिथे कामाला होतो एवढे दाखवावे. गेटपास, ईएसआयचा नंबर, मोबाइलवर आलेले पैसे, ‘उद्या रातपाळीला ये’ असा ठेकेदाराचा निरोप, सगळे जपून ठेवावे. हा दावा जिथे काम केले तिथेच होतो, म्हणजे पैसे बुडाले म्हणून रागाने गाव गाठणाऱ्याचा दावा मागे सुरतेतच राहतो.

आता वकिलाचे पैसे कोण देणार? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने फुकट वकील मिळतो हे हल्ली बऱ्याच जणांनी ऐकलेले असते, पण तो फक्त गरिबांना, उत्पन्नाच्या दाखल्यावर, असा समज आहे. कायद्यात तसे नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. बाई असणे पुरेसे आहे. म्हणजे भेस्तानच्या कारखान्यांत राबणारा, आणि त्याच्या घरातली प्रत्येक बाई, या कायद्यात बसते. १५१०० हा नंबर देशात कुठूनही लागतो. आणि सुरतेच्या बाईचा दावा चोपड्याला असेल तर चोपड्याच्या तालुका समितीकडेही तिला वकील मागता येतो. लोकअदालतीचे मात्र जरा जपून. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि भांडण मिटते हे खरे, पण त्या निवाड्यावर अपील नाही. न कळणाऱ्या भाषेतल्या तडजोडीवर अंगठा उठवला तर तो पुसायला फारशी वाट उरत नाही.

म्हणून मी भाषेचा प्रश्न शेवटी ठेवला. जिल्हा कोर्टाची भाषा राज्य ठरवते आणि गुजरातेत ती गुजराती असणार, यात गैर काही नाही. मराठी माणसाने तिथे जाऊन पाट्यांसाठी भांडावे असेही माझे म्हणणे नाही. १९८० च्या दशकात राजभाषेपायी आम्ही गोव्यात आपापसांत जे काही केले त्यानंतर मला भाषेच्या मोर्चांची हौस उरलेली नाही. १९८७ च्या आमच्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही सोय राहिली. तरी म्हापशाच्या कोर्टात आजही शेतकरी इंग्रजी निकाल हातात धरून ‘यात काय लिहिलंय?’ असे वकिलाला विचारतो. पण राज्यघटनेचे ३५० वे कलम कोणी वाचतच नाही. आपले गाऱ्हाणे राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त राजभाषेत असे ते कलम म्हणत नाही. ज्या शहरात महापालिकाच मराठी शाळा चालवते तिथे मराठी वापरात नाही असे कोण म्हणेल? फौजदारी खटल्यातल्या आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याच्या भाषेत समजावून द्यावी लागते, ती सोय निराळी आणि जुनीच आहे.

तेव्हा मागणी करायची ती एवढीच. सुरत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आपली माहितीपत्रके मराठीतही काढावीत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्राधिकरणांशी बोलून, सुरतेत राहणाऱ्या बाईचा गावाकडच्या जमिनीचा अर्ज सुरतेतच लिहून घेऊन पुढे पाठवण्याची सोय करावी. पोलिसांची झिरो एफआयआर हद्द ओलांडून जाते तर विधी सेवेचा अर्ज का जाऊ नये? आणि सुरतेच्या मराठी मंडळांनी गणपतीचा मांडव दहा-अकरा दिवस घालावा, जरूर घालावा, पण त्याच जागी महिन्यातून एका रविवारी दोन खुर्च्या टाकाव्यात, एका खुर्चीवर मराठी जाणणारा वकील आणि दुसरीवर कोणीही. बानाखत सही करण्याआधी दाखवायला आणले तर उत्तम. सही करून आणले तरी, रजिस्ट्री झाली का, एवढे तरी विचारायला कोणी असेल.

आखाजी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येते. गाडीत बसण्यापूर्वीच्या रविवारी ही खुर्ची मांडली तर माझ्या मते सगळ्यात जास्त गर्दी बायकांची होईल.